गिटार, पखवाज आणि बळवंतबुवा

२००४ या एका वर्षात गाण्याशी जन्माचं नातं असलेली तीन माणसं महाराष्ट्रानं गमावली. मे महिन्यात वामनदादा कर्डक गेले, जूनमध्ये प्रल्हाद शिंदे आणि २५ सप्टेंबरला पुण्यात अरुण कोलटकर. पहिली दोन नावं शेजारीशेजारी वाचताना कुणी अडखळणार नाही. वामनदादांना अक्षरओळख मोठेपणी झाली, तीही मुंबईतल्या दुकानांच्या पाट्या अक्षरं लावून वाचत. पुढे त्याच माणसानं गावोगावच्या जलशांना पुरून उरतील इतकी गाणी रचली. प्रल्हाद शिंदे आमच्या कल्याणचे. पंढरीच्या वाटेवरचा आवाज त्यांचा आणि भीमजयंतीच्या मांडवातला आवाजही त्यांचाच. तिसरं नाव मात्र या ओळीत पाहून पुष्कळांना प्रश्न पडेल. ‘जेजुरी’ आणि ‘भिजकी वही’चा कवी, जाहिरातीच्या धंद्यात नावाजलेला ग्राफिक डिझायनर, काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये दर गुरुवारी दुपारी मित्रांत बसणारा अबोल माणूस; त्याचा गाण्याशी काय संबंध? तो संबंध होता, चांगला घट्ट होता, आणि माझ्या मते कोलटकरांच्या वाङ्मयाची एक अख्खी बाजू त्याच्यामुळेच उलगडते. ते गेले त्याला दोन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा अमेरिकेत बॉब डिलनच्या आठवणींचं ‘क्रॉनिकल्स’ हे पुस्तक बाजारात आलं. रॉक संगीतातल्या कवीनं स्वतःचं आयुष्य स्वतः लिहायचं, या प्रकाराला तिथून पुढे जगभर मोठा वाचक मिळाला. मराठीत असं पुस्तक कोण लिहू शकला असता, असं विचारलं तर पहिलं नाव कोलटकरांचंच निघेल. त्यांनी ते लिहिलं नाही. त्याऐवजी त्यांनी काय केलं, हा या लेखाचा विषय आहे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कोलटकर गिटार घेऊन इंग्रजीत गाणी रचत होते. ब्लूजच्या चालीची, मुंबईच्या फूटपाथवरची, पोलिसाला हाक मारणारी, दारोदार हिंडणारी ही गाणी आहेत. १९७३च्या सुमारास त्यांनी मित्रांच्या साथीनं त्यांतली काही रेकॉर्डही केली. एखादी परदेशी कंपनी ती घेईल आणि रेकॉर्ड निघेल, अशी आशा त्यामागे होती. तसं काही झालं नाही. गाण्यांचे शब्द तेवढे कागदावर राहिले आणि कवीच्या पश्चात २००९मध्ये अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी संपादित केलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये ते वाचकांसमोर आले. काळाचा मेळ इथे लक्षात घ्यावा. न्यू यॉर्कच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये पॅटी स्मिथनं लेनी केच्या गिटारच्या साथीनं आपल्या कविता पहिल्यांदा म्हटल्या त्या १९७१च्या फेब्रुवारीत; तिची ‘हॉर्सेस’ ही रेकॉर्ड आली १९७५मध्ये. कोलटकरांची गाणी या दोन तारखांच्या मधली आहेत. तिकडची लाट ओसरल्यावर इकडे कुणीतरी तिची नक्कल केली, असं इथे म्हणता येत नाही. एकाच वेळी दोन शहरांत दोन कवी आपापली कविता गिटारवर चढवून पाहत होते. एकीला मायक्रोफोन मिळाला, दुसऱ्याला मिळाला नाही.

ही हकीकत सांगताना ‘राहून गेलेला रॉकस्टार’ असा हळहळीचा सूर लावायचा मोह होतो. मला तो मान्य नाही. त्याचं कारण कोलटकरांनी पुढे जे केलं त्यात आहे. ते अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले. भजनात रमले. आणि बळवंतबुवा नावाच्या भजन गाणाऱ्या माणसाच्या सहवासात येऊन त्यांच्या आयुष्याच्या कथा ऐकत, टिपत राहिले. हा उद्योग एका मोसमाचा नव्हता, वर्षानुवर्षांचा होता. त्यातून बळवंतबुवांच्या आयुष्यावरचं एक गद्य पुस्तक आकाराला येत होतं. ते अपुरं राहिलं. पण २००३ साली आलेला ‘चिरीमिरी’ हा संग्रह याच ऐकण्यातून उगवलेला आहे. मुंबईच्या बदनाम वस्तीतल्या बायका बुवांबरोबर पंढरीच्या वारीला निघतात, ही त्यातली हकीकत ज्या तपशिलानं आणि ज्या मायेनं येते, ती कुणीतरी आधी तोंडी सांगितल्याशिवाय आणि कुणीतरी ती नीट ऐकल्याशिवाय कागदावर येणं अशक्य आहे. माझं म्हणणं असं: स्वतः गायक होऊ पाहणाऱ्या कवीनं दुसऱ्या गायकाचं आयुष्य लिहायला घेतलं, हेच त्याचं आत्मकथन मानायला हवं. मराठीत गाणाऱ्याचं आयुष्य बहुतेक वेळा असंच पुढे आलेलं आहे, ऐकणाऱ्याच्या वहीतून. कोलटकरांनी ही वाट ओळखली आणि जाणूनबुजून धरली.

जाणूनबुजून, असं मी म्हणतो त्याला पुरावा आहे. तुमचे आवडते कवी-लेखक कोण, या प्रश्नाला कोलटकरांनी एका मुलाखतीत नावांची लांबलचक माळच उत्तरादाखल दिली होती. ती पुष्कळदा उद्धृत होते, बहुधा त्यांच्या वाचनाच्या आवाक्याचं कौतुक म्हणून. पण ती सावकाश वाचली तर तिच्यातली शेजारं बोलायला लागतात. जॉन लेनन आणि बॉब डिलन येतात, मग सिल्विया प्लाथ आणि टेड ह्यूज, आणि त्यांना लागून गोडसे भटजी. थोडं पुढे चक्रधर. जेरार्ड मॅनली हॉपकिन्स आणि किर्केगार्द यांच्या मध्ये बळवंतबुवा बसलेले आहेत. बहिणाबाई चौधरी आणि कबीर संपतात न संपतात तोच रॉबर्ट जॉन्सन, मडी वॉटर्स, लेडबेली, हाउलिन वुल्फ हे ब्लूजवाले सुरू होतात. चक्रधर, गोडसे भटजी, बहिणाबाई, बळवंतबुवा, लेडबेली: या पाचांत समान काय आहे? पाचही जण आपल्यापर्यंत पोचले ते दुसऱ्या कुणाच्या तरी आग्रहानं, दुसऱ्याच्या लेखणीनं किंवा यंत्रानं.

एकेकाकडे पाहू. चक्रधरस्वामींनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. ते गेल्यावर म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी जमवल्या. नागदेवाचार्यांना विचारलं, ज्याच्याज्याच्याकडे आठवण होती त्याला गाठलं, आणि तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली, तेव्हा शिष्यांनी ती स्मरणातून पुन्हा बांधली, आणि हा पाठ कुणाच्या आठवणीतला, तो कुणाच्या, हे नावानिशी नोंदवून ठेवलं. आठवणी लिहिण्याची इतकी काटेकोर शिस्त आपल्या भाषेत पहिल्या गद्यग्रंथातच आहे, आणि गाणाऱ्यांच्या संदर्भात तिचं मोल वेगळंच आहे. मराठीची पहिली ज्ञात कवयित्री महदंबा हिनं लग्नात म्हणायचे धवळे रचले आणि गायले. ती कशी होती, चक्रधरांना कसे चोखंदळ प्रश्न विचारायची, कशावर अडून बसायची, हे आपल्याला कुठून कळतं? लीळांतून. तिनं स्वतःचं चरित्र लिहिलं नाही, पण ज्या वहीत तिचं बोलणं टिपलं गेलं ती वही टिकली, म्हणून ती आजही जिवंत माणसासारखी भेटते.

गोडसे भटजींची कथा तर आमच्या कल्याणपर्यंत येते. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. झाशीच्या वेढ्यात ते प्रत्यक्ष गावात होते. घरी परतून त्यांनी ती हकीकत अनेकांना सांगितली असेल, पण ती कागदावर आली कल्याणच्या चिंतामण विनायक वैद्यांनी गळ घातली म्हणून. ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापून निघालं. इथे एक ठसठसणारी गोष्टही आहे. वैद्यांनी भटजींच्या मजकुरावर हात फिरवला, आणि हस्तलिखिताबरहुकूम असलेला पाठ दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध करायला १९६६ साल उजाडलं. ऐकणारा नसता तर पुस्तकच झालं नसतं, आणि ऐकणाऱ्यानंच ते बदललंही. हा पेच मी पुढे घेणार आहे.

बहिणाबाई चौधरींची गाणी मुलानं, सोपानदेवांनी, आणि त्यांच्या मावसभावानं ऐकताऐकता उतरवून ठेवली. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२मध्ये आली. तोवर बहिणाबाई हयात नव्हत्या. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ हे तर या वाटेवरचं सगळ्यात धाडसी पुस्तक. तमाशापटाच्या पडद्यावर गाजलेल्या बाईनं आपलं आयुष्य बोलून सांगितलं आणि अरुण साधूंनी ते शब्दांत धरलं. बोलण्याचा झोत तसाच ठेवला. मराठी आत्मचरित्रांच्या यादीत हे पुस्तक नेहमी वरच्या रांगेत असतं, आणि ते ‘खरं आत्मचरित्र नाही, शब्दांकन आहे’ अशी कुरकुर कुणी केली तर ती कुणाला पटत नाही.

आता परदेशातल्या रॉक-कवींच्या आठवणींकडे वळू, कारण ‘स्वतः लिहिलेलं आत्मकथन’ या प्रकाराचा नमुना म्हणून तीच पुस्तकं पुढे केली जातात. त्यांतलं सगळ्यात गाजलेलं पॅटी स्मिथचं ‘जस्ट किड्स’. त्याला २०१०चा अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. हे पुस्तक तिनं लिहिलं ते छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्पला त्याच्या अखेरच्या दिवसांत दिलेल्या शब्दाखातर. १९८९च्या मार्चमध्ये तो गेला आणि पुस्तक यायला वीस वर्षं लागली. म्हणजे रॉकमधल्या कवयित्रीचं जगभर वाचलं गेलेलं आत्मकथन मुळात दुसऱ्याचं आयुष्य सांगण्यासाठी लिहिलेलं आहे; तिचं स्वतःचं आयुष्य त्यात त्याच्या अनुषंगानं येतं. डिलनचं ‘क्रॉनिकल्स’ घ्या. ज्या दोन-चार वर्षांत तो जगप्रसिद्ध झाला तीच वर्षं त्यानं जवळजवळ ओलांडून टाकली आहेत. पानंच्या पानं खर्ची पडतात ती ज्यांच्या घरी तो झोपला त्यांच्या पुस्तकांच्या कपाटांवर, डेव्ह व्हॅन रॉन्कसारख्या वडीलधाऱ्या गायकांवर, वुडी गथ्रीवर. त्या पुस्तकातली कित्येक वाक्यं इतरांच्या लिखाणातून उचललेली आहेत, हेही अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे. लेनर्ड कोहेन कवी म्हणून नाव कमावल्यावर गाण्याकडे वळला. तो आत्मचरित्र न लिहिताच २०१६मध्ये गेला. तेव्हा ‘त्यांनी स्वतःबद्दल लिहिलं, आपल्याकडच्यांनी नाही’ ही मांडणीच मुळात टिकत नाही. गाणाऱ्या कवीला स्वतःपेक्षा ज्याच्यापासून गाणं मिळालं तो माणूस सांगावासा वाटतो, हे तिथेही खरं आहे. कोलटकर त्या बाबतीत एक पाऊल पुढे गेले. त्यांनी ‘मी’ अजिबात मधे आणला नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कोलटकर मुळातच संकोची होते. घरात फोन घेतला नाही, मुलाखती मोजक्या दिल्या, पुस्तकं छापायलाही घाई केली नाही. अशा माणसानं आत्मचरित्र लिहिलं नाही याचं कारण त्याच्या स्वभावात आहे, त्यात परंपरा वगैरे शोधायची गरज काय? स्वभावाची गोष्ट मला मान्य आहे; ती निर्णायक वाटत नाही. कारण गरज वाटली तेव्हा कोलटकरांनी स्वतःचं आयुष्य थेट लिहिलेलं आहे. तरुणपणी चित्रकार मित्र बंडू वझे याच्याबरोबर त्यांनी पायी भटकंती केली, खिशात काही नसताना. ती हकीकत त्यांनी मराठीत आणि इंग्रजीत, ‘द टर्नअराउंड’ या नावानं, कवितेत सांगितली. मुंबई सुटल्यावर त्या कवितेत पहिलं गाव येतं ते आमचं कल्याण. भूक, उपकार, अपमान, भीक, सगळं त्यात प्रथमपुरुषी एकवचनात आहे, लपवाछपवी कुठेच नाही. तेव्हा ‘मी’ लिहिण्याची त्यांना भीती नव्हती. गाण्याच्या बाबतीत मात्र त्यांनी तो ‘मी’ वापरला नाही आणि बळवंतबुवांना बोलतं केलं. ही निवड आहे, आणि निवडीला कारण असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मराठीत गाणाऱ्यांनी स्वतः लिहिलेलं आहे की! शाहीर साबळ्यांचं ‘माझा पवाडा’ आहे. त्याच्याही आधी सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी आपलं सगळं आयुष्य, इतकंच काय पूर्वजन्मही, अभंगांतून सांगितले. मार खाणारी बायको, तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह, वासरू. त्या अभंगांइतकं उघडं आत्मनिवेदन आपल्या जुन्या साहित्यात दुसरं नाही. हा आक्षेप मी अंगाला लावून घेतो, कारण त्यानं माझं म्हणणं नीट आखलं जातं. गाणाऱ्यानं स्वतः लिहायचंच नाही, असं मी म्हणत नाही. साबळ्यांचं पुस्तक मोलाचं आहे. पसरणीपासून ‘महाराष्ट्राच्या लोकधारे’पर्यंतचा प्रवास त्यांच्याच तोंडून ऐकायला हवा होता आणि मिळाला. पण लेखणी हातात असणं, वेळ असणं, प्रकाशक दारात येणं, नाव मोठं असणं, हे सगळं जुळलं तरच असं पुस्तक होतं. साबळे एक. त्यांच्या मागे कोरसमध्ये उभे राहिलेले, ढोलकी धरलेले, गावच्या जत्रेपुरते गाणारे शेकडो. त्यांचं आयुष्य लिहिलं जायचं तर दुसऱ्या कुणीतरी वही घेऊन बसावं लागेल. बळवंतबुवा या शेकडोंतले होते. कोलटकर त्यांच्यासमोर बसले नसते तर हे नाव आज मला लिहिताच आलं नसतं.

तिसरा आक्षेप मघाच्या पेचाचा. ज्याच्या हातात वही त्याच्या हातात सत्ता. इंग्रजी शिकलेला, जाहिरातीतले पुरस्कार मिळवलेला कवी भजन गाणाऱ्या माणसाच्या कथा टिपतो; त्यातून नाव होतं कवीचं, पुस्तकावर नाव कवीचं. याला देवाणघेवाण म्हणायचं की उचल? ब्लूजच्या इतिहासात या प्रश्नाचं फार कडू उत्तर आहे. लेडबेलीला तुरुंगात शोधून काढणारे जॉन आणि अॅलन लोमॅक्स हे बापलेक नसते तर तो गायक बहुधा अज्ञातच राहिला असता. १९३६ साली त्यांनी लेडबेलीच्या गाण्यांचं पुस्तक काढलं, त्यात त्याचं आयुष्य त्याच्या बोलीत दिलं. पण गाण्यांच्या हक्कांत वाटाही घेतला, त्याला कैद्याच्या वेशात लोकांपुढे उभं केलं, आणि पैशावरून लेडबेली आणि जॉन लोमॅक्स यांचं कायमचं फाटलं. मडी वॉटर्सचा आवाज पहिल्यांदा रेकॉर्ड झाला तोही १९४१मध्ये, मळ्यावर आलेल्या अॅलन लोमॅक्सच्या यंत्रावर. कोलटकरांच्या यादीत लेडबेली आणि मडी वॉटर्स दोघेही आहेत. ब्लूजचा इतका जाणकार माणूस, त्याला ही बाजू ठाऊक नसेल असं समजणं कठीण आहे.

मग फरक कुठे पडतो? माझ्या मते तीन गोष्टींत, आणि त्या तिन्ही तपासता येतात. एक, टिपणारा स्वतः त्या गाण्यात उतरला आहे का. लोमॅक्स यंत्र घेऊन आले आणि गेले. कोलटकर पखवाजावर बसले, भजनात साथीला बसण्याइतके शिकले, म्हणजे बुवांच्या विद्येपुढे विद्यार्थी झाले. दोन, सांगणाऱ्याची भाषा तशीच राहते का. वैद्यांनी भटजींची भाषा सारखी केली, म्हणून पोतदारांना पुन्हा मुळाकडे जावं लागलं. कोलटकरांनी ‘चिरीमिरी’त बुवांच्या जगातली बोली, शिव्या, लडिवाळपणा, देवाशी बरोबरीनं बोलणं, काहीच चाळणीला लावलेलं नाही. तीन, सांगणाऱ्याला मान कुठल्या रांगेत मिळतो. बळवंतबुवांना आपल्या आवडत्या साहित्यिकांत, हॉपकिन्सच्या बरोबरीनं, कसलंही स्पष्टीकरण न देता बसवणं ही माझ्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट आहे. त्यांना ‘माहितगार’ किंवा ‘लोककलावंत’ असं बिरूद लावून वेगळ्या पंगतीला बसवलेलं नाही. एवढं करूनही प्रश्न पूर्ण सुटतो असा माझा दावा नाही. पुस्तक अपुरं राहिलं, आणि अपुऱ्या पुस्तकात सांगणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर कसं आलं असतं, हे ठरायचंच राहिलं.

शेवटचा आक्षेप रॉकप्रेमींकडून येतो: भजन कुठे आणि रॉक कुठे. विजेची गिटार, बंडखोरी, तारुण्य. इकडे टाळ, माळ आणि म्हातारे बुवा. ज्यांना असं वाटतं त्यांनी कोलटकरांनी इंग्रजीत आणलेल्या जनाबाई आणि तुकोबा वाचावेत. त्यांत संतकवितेला अमेरिकी काळ्या गायकांच्या बोलीचा ठसका आहे, आणि तो वरून चिकटवल्यासारखा वाटत नाही. देवाला दम देणारी जनी आणि सैतानाशी सौदा केल्याची दंतकथा मागे ठेवून गेलेला रॉबर्ट जॉन्सन हे त्या कवीला एकाच बिरादरीचे वाटत होते. ठेका धरून, समूहात, कष्टाच्या दिवसानंतर म्हटलेलं, देवालाही न घाबरणारं गाणं; ब्लूजची आणि भजनाची जमीन इथे एकच आहे, आणि रॉक उगवलं ते ब्लूजमधून. म्हणून कोलटकरांनी गिटारकडून पखवाजाकडे जाणं ही माघार नव्हती. ज्या मुळातून पलीकडचं संगीत आलं तसलंच मूळ त्यांना अलीकडे सापडलं.

हे सगळं डोंबिवलीशेजारच्या कोपरमधून लिहिण्याला कारण आहे. कोपर स्टेशनवर खालून कल्याणची मुख्य लाइन जाते आणि वरून दिवा-वसईची. खालच्या गाड्यांच्या गर्दीत आजही भजनी मंडळी आपापला डबा धरून असतात. टाळ पिशवीत, दारापाशी उभे राहून ठेका, उतरायचं स्टेशन आलं की अभंग पुढच्याच्या गळ्यात. यातले बुवा दिवसा कारखान्यात, कचेरीत, दुकानात असतात. डब्यात गायचं म्हणून अभंगांच्या चाली कशा बदलल्या, कुठल्या स्टेशनापर्यंत कुठला अभंग संपवायचा हे कसं ठरतं, मंडळ कधी फुटलं आणि का, हा नुसता उपनगरी जीवनाचा रंग नाही, संगीताचा इतिहास आहे. आणि तो कुठेही लिहिलेला नाही.

स्टेशनाच्या दोन्ही अंगांना कोपर, आयरे, भोपर ही आगरी गावं आहेत. इमारतींनी त्यांना वेढलं, तरी लग्न निघालं की धवलारीण बोलवायची रीत अजून पुरती गेलेली नाही. हळदीला, मांडवाला, नवरी सजताना, प्रत्येक विधीचा धवला वेगळा, आणि तो तिला पाठ असतो. महदंबेचे धवळे तेराव्या शतकातले. लग्नाच्या मांडवात बाईनं गायच्या गाण्याची ही परंपरा ठाणे-रायगडच्या आगऱ्यांत आजवर चालत आली आहे. हळदीच्या रात्री आता डीजे लागतो आणि धवलारीण त्याच्या आधी तासभर गाते, किंवा गातच नाही. डोंबिवलीत २०१७ साली नव्वदावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं आणि त्याचं यजमानपद आगरी यूथ फोरमनं निभावलं. गाव साहित्याच्या मांडवाचा खर्च उचलू शकतं, हे त्यानं सिद्ध झालं. त्याच गावातल्या धवलारणींची तोंडी आत्मकथनं जमवायला त्याच्या शतांशानंही खर्च येणार नाही.

पण ती जमवायची तर नुसते मोबाइल पुढे धरून गाणी रेकॉर्ड करून भागणार नाही; गाणी तर यूट्यूबवर पुष्कळ आहेत. म्हाइंभटांसारखं आयुष्य विचारायला हवं. धवला कुणाकडून शिकलीस, आईकडून की सासूकडून? पहिलं लग्न कुठल्या गावात गायलीस, तेव्हा बिदागी काय मिळाली, आता काय मिळते? विधवा झाल्यावर बोलावणी थांबली का, आणि थांबली तर गाणं घरात तरी म्हणत होतीस का? भातखाचरं विकली गेली तेव्हा शेतीच्या कामाच्या ओळी गाण्यातून गेल्या की राहिल्या? दोन बायकांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही लिहाव्या, कुणाची कुठली ते नावासकट, तिची संमती असेल तर. आगरी बोली प्रमाण मराठीत बदलू नये. कल्याण-उल्हासनगरच्या गायन पार्ट्यांतल्या, प्रल्हाद शिंद्यांच्या पिढीबरोबर कोरसला उभ्या राहिलेल्या, आज पंच्याहत्तरीच्या पुढे गेलेल्या गायकांनाही हेच विचारायला हवं, आणि त्यांच्याकडे वेळ कमी आहे. आमच्याकडे महाविद्यालयं आहेत, मराठीचे विभाग आहेत, ग्रंथालयं आहेत, दरवर्षी प्रकल्प शोधणारी पदव्युत्तर मुलं आहेत. पुस्तक निघालं की मुखपृष्ठावर सांगणाऱ्या बाईचं नाव वर आणि टिपणाऱ्याचं खाली यावं, आणि मानधनाचा पहिला हिस्सा तिला मिळावा, एवढं पहिल्याच बैठकीत कागदावर ठरवून घ्यावं.